विजेचं राहू दे, आधी क्रोमचं बघा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सांडपाण्यातले जिवाणू वीज बनवतात असं कुठेही छापून आलं की लगेच प्रश्न येतो की मग त्याच्यावर किती दिवे लागणार, माझ्या भाच्याने परवा व्हॉट्सअॅपवर हेच विचारलं आणि तेव्हापासून डोक्यात चाललंय म्हणून लिहितो. मी भोसरी एमआयडीसीत प्लेटिंगच्या (वस्तूंवर धातूचा मुलामा देण्याच्या) शॉपमध्ये २२ वर्षं काढली, शेवटची ९ वर्षं ईटीपीवर, म्हणजे शॉपचं सांडपाणी साफ करण्याच्या प्लांटवर. मला विचाराल तर या मायक्रोबियल फ्युएल सेलची, म्हणजे जिवाणूंकडून वीज काढणाऱ्या सेलची, वीज ही जमेची बाजू नाहीच, एका सेलमधून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो. जमेची बाजू ही की तो पाण्यातला धातू पकडतो.

क्रोमच्या बाथमधून, म्हणजे मुलाम्याच्या टाकीतून, जॉब (मुलामा द्यायची वस्तू) वर काढला की त्याला चिकटून थोडं पाणी येतं आणि ते रिन्सच्या, म्हणजे जॉब धुण्याच्या, टाकीत उतरतं, ते पिवळं पाणी म्हणजे क्रोम-सहा, क्रोमचं कॅन्सर करणारं रूप. नदीनाल्यात सोडायची त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. आम्ही काय करायचो, अॅसिड टाकून पीएच दोन-अडीचला आणायचा, मग क्रोम-सहाचं कमी विषारी क्रोम-तीन करायला मेटाबायसल्फाइट, त्याचा गॅस असा निघतो की डोळे झोंबतात, पिवळ्याचं हिरवं झालं की चुना, गाळ बसला की फिल्टर प्रेस आणि पोती भरून रांजणगावला घातक कचऱ्यात. त्यात कॉपर, निकेल, झिंक सगळ्यांचं रिन्स एकाच खड्ड्यात यायचं, मी मालकांना कितीदा सांगितलं की निदान क्रोमची लाईन तरी वेगळी ठेवा, पण जागा नाही म्हणून ते राहूनच गेलं. पैसे देऊन आणलेलं तांबं आणि निकेल आम्ही पैसे देऊनच पुरत होतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता हा सेल काय करतो बघा. दोन कप्पे असतात. एकात घरगुती मैलापाणी, हवा न लागू देता, तिथले जिवाणू घाण खातात आणि इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडला देतात, ते वायरने दुसऱ्या कप्प्यात जातात आणि तिथे आपलं क्रोमचं पाणी. क्रोम-सहा तीन इलेक्ट्रॉन घेऊन क्रोम-तीन होतं, ते खूपच कमी विषारी आणि गाळ होऊन बसणारं. मेटाबायसल्फाइट लागत नाही, आणि क्रोमचं रिन्स मुळातच अॅसिडिक असतं ते इथे उलट फायद्याचंच. तांबं तर सरळ धातू होऊन इलेक्ट्रोडवर बसतं, नेदरलँड्समध्ये वागेनिंगनच्या संशोधकांनी २०१० मध्ये पाण्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त तांबं असं काढून दाखवलंय. म्हणजे एमआयडीसीशेजारच्या वस्तीचं मैलापाणी आणि शॉपचं क्रोमपाणी, दोन्ही घाणी एकमेकींच्या कामी येतात, हे मला फार आवडलं.

अडचणी आहेत, त्या लपवून उपयोग नाही. झिंक आणि निकेल असे आपोआप बसत नाहीत, त्यांना बाहेरून थोडा व्होल्टेज द्यावा लागतो. धातूचं पाणी पलीकडच्या कप्प्यात झिरपलं तर जिवाणू मरतात. क्रोमचा थर बसून इलेक्ट्रोड मंद होतो. आणि वेग कमी, हिशेब सोपा आहे, एक किलो तांबं बसवायला साधारण ८४३ अँपिअर-तास लागतात, म्हणजे एक अँपिअर सलग मिळाला तरी ३५ दिवस. म्हणून हे बाथच्या घट्ट पाण्याचं काम नाही, हे पातळ रिन्सचं काम आहे, आणि आमच्याकडे रोज निघतं ते रिन्सच.

दोन कप्प्यांमधला पडदा महाग असतो असं सगळे म्हणतात, पण आयआयटी खरगपूरला प्रा. मकरंद घांगरेकर यांच्या गटाने राईस मिलच्या पाण्यावर चक्क मातीचं मडकं पडदा म्हणून वापरून सेल चालवलाय. मडकं तर आपल्याकडे कुंभाराकडे मिळतं! जिवाणू वीज देतात हे पॉटर नावाच्या शास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये १९११ सालीच दाखवलं होतं, शंभराहून जास्त वर्षं झाली, आणि आमच्या शॉपमध्ये मात्र अजून पोती भरणंच चालू आहे.

माझी विनंती एवढीच, आपण बातमी करताना किती वीज मिळाली हे विचारू नका, किती मिलिग्रॅम क्रोम आत गेलं आणि किती बाहेर आलं ते विचारा आणि ते लॅबच्या पाण्याचं नको, खऱ्या रिन्सचं. आमच्याकडचं पाणी शेवटी पवना-इंद्रायणीतच जातं. दोन छोट्या शॉपवाल्यांशी मी बोललोय, क्रोमच्या रिन्सची लाईन वेगळी काढून टाकीशेजारी जागा द्यायला ते तयार आहेत, सहा महिने म्हणा वर्ष म्हणा. कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांना खऱ्या पाण्यावर करून बघायचं असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, ईटीपीचं रोजचं रजिस्टर मी स्वतः लिहीन.

आपला,
एक जुना प्लेटिंग कामगार, भोसरी