आतकरवाडीच्या वाटेवर भेटलेल्या तुम्हा सगळ्यांना

मागच्या रविवारी आई, माझा आठ वर्षांचा मुलगा आणि मी सिंहगडावर गेलो होतो. देवटाक्याचं गार पाणी, तानाजी मालुसऱ्यांची समाधी, पिठलं-भाकरी, सगळं मनासारखं झालं. उतरताना मात्र मुरमावरून आईचा पाय घसरला. घोटा बघता बघता टम्म सुजला आणि मला काही सुचेना.

ताकवाल्या मावशी, तुम्ही माठाला गुंडाळलेलं ओलं फडकं सोडून आईच्या पायाला बांधलंत. सुकलं की पुन्हा भिजवत होतात. ताकाचे पैसेही घेतले नाहीत. त्या उन्हात खालून डोक्यावर वाहून आणलेलं पाणी होतं ते, हे मी विसरणार नाही.

पाठीवर सॅक घेऊन वर निघालेल्या दोघा मुलांनो, अर्धा गड चढून झाला होता तुमचा. तरी मागे फिरलात, हातांची पालखी करून आईला पायथ्यापर्यंत आणलंत. "आजी, घट्ट धरा" म्हणत होतात, तेव्हा आई दुखणं विसरून हसली. नावं विचारायचं राहूनच गेलं.

आणि आजोबा, तुम्ही तुमची काठीच देऊन टाकलीत! "मी दर रविवारी येतो, वाट पाठ आहे" म्हणालात.

आई आता घरात चालते. काठी दाराशी ठेवली आहे. येत्या रविवारी सकाळी सहाला ती घेऊन मी आतकरवाडीत पायथ्याशी थांबते. मावशींसाठी आईने तिळाच्या वड्या केल्यात.