इंजिनची लाइट पेटलेली आणि पीयूसी पास

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात गाडीची पीयूसी काढली, पास झाली, आणि तेव्हा डॅशबोर्डवर इंजिनची पिवळी लाइट पेटलेली होती. पीयूसी काढणाऱ्या माणसाला दोष देत नाही, सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजायचं एवढंच त्याचं काम, नायट्रोजनचे ऑक्साइड तर तिथे मोजतच नाहीत.

त्याच लाइटसाठी आधी एका गॅरेजमध्ये गेलो होतो. स्टिअरिंगखालच्या पोर्टला स्कॅनर लावला, पी०४२० कोड आला आणि दोन मिनिटांत निकाल, कॅटकॉन (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) गेला, ५८ हजार! पोटात गोळाच आला. ओळखीच्या जुन्या मेकॅनिककडे गेलो तर तो म्हणाला, दादा, कोड म्हणजे फक्त तक्रार, रोग अजून शोधायचाय.

त्याने लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे, उघडून मलाच स्क्रीन दाखवली. माझ्या गाडीत कॅटकॉनच्या पुढे एक आणि मागे एक ऑक्सिजन सेन्सर आहे, पुढच्याचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्ट सारखा वरखाली उड्या मारतो ते नॉर्मल, पण कॅटकॉन ऑक्सिजन साठवून धरतो म्हणून मागचा साधारण ०.६-०.७ ला शांत बसायला हवा. आमचा मागचा आयडलला (गाडी उभी, रेस न देता) मधेच खाली पडायचा आणि रेस २५०० आरपीएमवर धरली की स्थिर! कॅटकॉन मेला असता तर तिथेही नाचला असता म्हणाला. मग गळती शोधायला पाइपात धूर सोडणारं स्मोक मशीन लावलं आणि मागच्या सेन्सरच्या अलीकडच्या जॉइंटमधून पांढऱ्या धुराची बारीक रेघ निघाली. गॅस्केट फाटलेलं, तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि सेन्सर फसत होता. मजुरीसकट ९०० रुपये, लाइट अजून परत आलेली नाही.

माझं म्हणणं एवढंच की महागडा पार्ट बदलायच्या आधी गॅरेजने कोड आणि सेन्सरचे आकडे छापून गिऱ्हाइकाच्या हातात द्यावेत, तसा नियमच करा. आणि एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्यांना हे पोर्ट आहेच, मग पीयूसीलाही ते का लावत नाही? कॅलिफोर्नियात २००० सालापासूनच्या पेट्रोल गाड्यांची तपासणी या पोर्टवरूनच होते. कोणी आदल्या दिवशी स्कॅनरने कोड पुसून आला तरी तिथे सापडतो, कारण कोड पुसला की गाडी स्वतःच्या भागांच्या ज्या चाचण्या घेते त्यांचे निकालसुद्धा पुसले जातात आणि त्या चाचण्या पुन्हा पुऱ्या व्हायला गाडी थोडे दिवस नीट चालवावीच लागते. आपल्याकडे बरेच जण आज नेमकं तेच करतात, लाइट घालवतात आणि गाडी विकायला काढतात.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे