पाचवी धावपटू घडवणाऱ्या सरांना

प्रिय सर,

सीझन संपला, बक्षिसं वाटून झाली, शाळेच्या भिंतीवर फोटोही लागले. फोटोत पुढच्या दोघी आहेत आणि त्या तिथे असायलाच हव्यात. पण मुलींच्या संघाचा निकाल ठरला तो संघातल्या पाचव्या धावपटूवर, आणि तिच्यामागची मेहनत तुमची होती. मुख्य कोच पुढच्यांबरोबर असतात. सहाय्यक म्हणून मागचा घोळका तुमच्याकडे येतो आणि त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पत्र मुद्दाम उघडं लिहितोय. अमेरिकेत ज्या मराठी घरांतली मुलं येत्या ऑगस्टमध्ये हायस्कूलच्या क्रॉस-कंट्रीत (गवत, माती, चढ-उतारांवरच्या लांब शर्यतीत) पहिल्यांदा उतरतील, त्यांच्या आईबाबांनाही तुम्ही नेमकं काय करता ते कळू दे.

नव्या पालकांचा गोंधळ गुणांपासून सुरू होतो. मोठ्या स्पर्धांत संघातून सात जणी धावतात आणि पहिल्या पाच जणींचे क्रमांक मिळवून बेरीज होते. ज्याची बेरीज कमी, तो संघ वर. पहिले पाचही क्रमांक एकाच संघाला मिळाले तर 15, याहून कमी होत नाही. समजा एका संघाच्या मुली 1, 2, 15, 28 आणि 40 अशा आल्या, तर बेरीज 86. दुसऱ्या संघाच्या 8, 11, 13, 17, 20 अशा आल्या, तर 69. पहिल्या संघाकडे मैदानातल्या सगळ्यात वेगवान दोघी असूनही तो हरला. पाचवी शर्यत सोडून बाहेर पडली आणि मागून कुणी आलंच नाही, तर संघाला गुणच नाहीत. सहावी आणि सातवीचा आकडा बेरजेत धरत नाहीत, पण त्या प्रतिस्पर्धी संघाच्या पाचवीच्या पुढे आल्या की तिचा क्रमांक खाली ढकलतात. बरोबरी झाली तर निकाल सहावीवर लागतो. म्हणून ‘आमची सहावी आली, तिचं काही मोजत नाहीत ना?’ असं कुणी विचारलं की तुम्ही शांतपणे कागद काढून गणित मांडायचात. त्या कागदांबद्दलही आभार. आणखी एक: संघाशिवाय एकट्या पात्र ठरलेल्या मुलींना संघाचे गुण लावताना वगळतात, त्यामुळे निकालपत्रावरचा नंबर आणि संघाच्या खात्यातला नंबर वेगळा निघतो. दर वर्षी कुणीतरी यावरून आयोजकांशी वाद घालायला निघतं आणि तुम्ही त्याला वाटेतच अडवता.

तुमचं सगळं काम एका गोष्टीभोवती फिरत होतं: पहिली आणि पाचवी यांच्यातला गॅप. आघाडीला दहा सेकंद वाचवले तर एखाद-दुसरा नंबर वर जातो. मोठ्या स्पर्धेत मधल्या गर्दीत मात्र तेवढ्याच दहा सेकंदांत पंधरा-वीस जणी मागे पडतात. म्हणजे कष्ट तेवढेच, पण बेरजेत फळ कितीतरी जास्त. न्यूयॉर्कच्या फेएटव्हिल-मॅनलियस शाळेच्या मुलींनी 2006 ते 2012 अशी सलग सात वर्षं नाइकी क्रॉस नॅशनल्स ही हायस्कूल संघांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तीही अशाच घट्ट घोळक्याच्या बळावर. पण घोळक्यानं धावा म्हणजे एकमेकींना खेटून धावा, असा अर्थ तुम्ही कधी होऊ दिला नाहीत. पहिल्या मैलाला तिसरी, चौथी आणि पाचवी एकमेकींच्या नजरेत हव्यात, दुसऱ्या मैलानंतर जिला जमेल तिनं निघून जायचं, मागचीसाठी थांबायचं नाही. हे नीट कळलं नाही तर सगळ्यात हळू मुलीच्या वेगानं तिघी धावतात.

वेग वाटून घेणं शिकवलंत, त्याचे आभार वेगळे मानायला हवेत. 5 किलोमीटरला 21:30 लागणाऱ्या मुलीचा सरासरी वेग मैलाला साधारण 6:55. बंदूक वाजल्यावर शंभरेक मुली अरुंद वळणाकडे एकदम सुटतात, आणि घाबरून ती पहिला मैल 6:25 ला काढते. तेव्हा काही जाणवत नाही. दुसऱ्या मैलाला पाय जड होतात, तिसऱ्या मैलात घड्याळात सात मिनिटांच्या पुढचा आकडा दिसतो आणि वीस-पंचवीस जणी तिला ओलांडून जातात. त्यावर तुमचा उपाय होता पहिली 200 मीटर जोरात, म्हणजे वळणावर कोंडमारा होत नाही, आणि लगेच श्वास ताब्यात. मैलाच्या खुणेजवळ तुम्ही स्वतः उभे राहून घड्याळ सांगायचात, फक्त आकडा, ‘शाब्बास’ नाही. हे सुरुवातीला काही पालकांना कोरडं वाटलं. पण धावत्या मुलीला त्या क्षणी आकड्याचाच उपयोग असतो.

चढाचं तंत्र तर संपूर्ण तुमचंच. बहुतेक मुली माथ्यावर पोचल्या की हुश्श करून वेग सोडतात. तुम्ही माथा ओलांडल्यावर आणखी 30-40 पावलं जोर धरायला लावलंत. समोरची सैल पडलेली असते, तेव्हाच ती मागे पडते. त्यासाठी आठवड्यातून एकदा 60 ते 90 सेकंदांचे आठ चढ, खाली येताना चालत. बाकी आठवडा बहुतेक बोलता येईल इतक्या सावकाश वेगात, एक दिवस 20 मिनिटांची दमदार एकसलग धाव, नाहीतर 1000 मीटरच्या पाच फेऱ्या आणि मधे तीन मिनिटं विश्रांती. तीही गवतावर, कारण ट्रॅकवरचे आकडे मुलींना उगाच फुशारकी देतात आणि गवताळ, खडबडीत जमिनीवर तेच आकडे निघत नाहीत.

आता पुढच्या दोघींविषयी. त्यांचं कौतुक सगळीकडे झालं, पण त्यांना वाचवलं कुणी, हे फारसं बोललं गेलं नाही. गुणी मुलगी स्वतःहून थांबत नाही. नडगीत दुखतंय म्हटल्यावर तुम्ही आधी बोट ठेवायला सांगायचात. दुखणं हाडाच्या कडेनं लांबवर पसरलेलं असेल तर वेग आणि अंतर कमी करून, मऊ जमिनीवर पळवून बघता येतं. एकाच जागी बोटाएवढ्या भागात असेल, एका पायावर उडी मारताना टोचत असेल, रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका. मग धावणं त्याच दिवशी बंद आणि डॉक्टर. ‘अजून एक रेस’ अशी सूट तुम्ही कुणालाही दिली नाहीत, आणि ती मुलगी संघात पहिली होती तेव्हाही नाही. थकवा उतरेना, वेळ घसरू लागली तेव्हा दुसरीचं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्यायला सांगितलंत. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांशिवाय नाहीत, चहा-दुधाबरोबर नाहीत, लिंबूपाण्याबरोबर चालतील, हे आमच्या घरांत आता पाठ आहे. (चहाची सवय मोडायला घरातल्या मोठ्यांनाच जास्त त्रास झाला.)

मोठ्या नावांची गोष्ट तुम्ही क्वचितच सांगता, पण सांगता तेव्हा कामाची असते. 2000 च्या फूट लॉकर या हायस्कूल क्रॉस-कंट्रीच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुलांमध्ये डेथन रिट्झनहाइन पहिला, ॲलन वेब दुसरा, रायन हॉल तिसरा आला. वेबनं पुढच्याच वर्षी मैल 3:53.43 मध्ये धावून हायस्कूलचा विक्रम केला, आणि तिसऱ्या आलेल्या हॉलनं 2007 मध्ये ह्यूस्टनला अर्धमॅरेथॉनचा अमेरिकन विक्रम 59:43 असा नोंदवला. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीला त्या दिवशी हे ऐकणं गरजेचं होतं.

ऑगस्टमध्ये उन्हाची काळजी घेतलीत. शरीर उन्हाला सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात पहाटे आणि थोडकं, मग हळूहळू वाढ. मैदानाशेजारी बर्फाच्या पाण्याचा टब तयार, आणि नियम एकच: कुणी भ्रमिष्टासारखं बोलू लागलं किंवा कोसळलं तर आधी टबात थंड करायचं, रुग्णवाहिका बोलावून ठेवायची आणि नेणं नंतर. अंगाला घाम असला तरी उष्माघात होऊ शकतो, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं.

रेसच्या दिवसाचं वेळापत्रक तर आमच्या फ्रिजवर अजून चिकटवलेलं आहे. तीन तास आधी ओळखीचं, हलकं खाणं, नवीन काही नाही. रेसच्या 50 मिनिटं आधी निघून 15 मिनिटं जॉगिंग, मग पायांच्या हालचाली, शेवटी चार-पाच छोट्या झपाट्याच्या धावा. नंबरपट्टी चारही कोपऱ्यांत पिनांनी, वेळ नोंदवणारी चिप बुटाच्या लेसमध्ये गुंतवून. लेसला दुहेरी गाठ, आणि टोकं आत खोचलेली. रस्ता आधी चालत बघायचा: मुळं कुठे, चिखल कुठे, वळण आतून कसं घ्यायचं, शेवटची कमान कुठून दिसते. स्पाइक, म्हणजे बुटाच्या तळाला फिरवून बसवायचे खिळे, आदल्या दिवशीच बदलायचे, कारण मातीनं गच्च झालेले आटे सकाळी फिरत नाहीत आणि पाना घसरून खिळ्याचं डोकं झिजतं. आट्यांना चिमूटभर व्हॅसलिन. कोरड्या, कडक जमिनीला पाव इंची, ओल्या गवताला तीन अष्टमांश, चिखलाला अर्धा इंची. रस्त्यात डांबर असेल तर स्पाइक चालतील का, हे आयोजकांना आधी विचारायचं. आणि कमानीखालून गेल्यावर थांबायचं नाही, मार्गिकेतून पुढे चालत राहायचं. थांबणाऱ्या मुलीवर मागच्या दोन-तीन जणी येऊन आदळतात.

शेवटच्या दोन आठवड्यांत एकूण अंतर पाव-एक हिस्सा कमी केलंत, पण वेगाची एक लहान प्रॅक्टिस तशीच ठेवलीत. काही पालकांनी पूर्ण विश्रांती मागितली होती. पाय बधिर होतात, असं तुम्ही म्हणालात आणि मागे हटला नाहीत. पाचवी धावपटू शेवटच्या स्पर्धेत जवळजवळ चौथीला खेटून आली, यात तुमच्या त्या हट्टाचाही वाटा आहे.

तुमचा स्पाइकचा डबा आम्ही धुऊन, पुसून लॉकरमध्ये ठेवला आहे. पाव इंची आणि तीन अष्टमांश इंची भरपूर आहेत, अर्धा इंची मोजकेच उरलेत. पाने दोन, त्यातला एक झिजलेला. पिनांचं पाकीट नवं घेतलं. चावी ऑफिसात दिली आहे. अर्धा इंची मागवायचे ते उन्हाळी सराव सुरू होण्याआधी आम्हीच मागवू, तुम्ही फक्त आट्यांचा प्रकार कळवा.

सगळ्या पालकांतर्फे आणि मुलींतर्फे, मनापासून आभार.