खाडीचा हिशेब एका सकाळीत होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खाडीची बातमी पेपरात दोनच वेळा येते, मेलेले मासे काठाला लागले की, नाहीतर फ्लेमिंगो उतरले की. दोन्ही बातम्या मी कात्रण करून ठेवते, त्याबद्दल तक्रार नाही. पण मासे मरायच्या कितीतरी आधी पाण्यात काहीतरी बिघडलेलं असतं आणि त्याबद्दल कोणीच लिहीत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, जमलं तर न कापता छापा.

मी धरमतर खाडीच्या काठावरची, कोळ्याच्या घरातली. घरात डोलीची जाळी, म्हणजे खाडीच्या प्रवाहात रोवून ठेवायची पिशवीसारखी जाळी, अंगणात सुकत घातलेला जवळा, म्हणजे ती बारीक कोळंबीसारखी कोलीम, असं बघत मोठी झाले. पुढे झूलॉजीत एमएस्सी केलं, तेव्हा प्रोजेक्ट झूप्लँक्टनवर होता, म्हणजे मराठीत प्राणीप्लवक, आता ज्युनियर कॉलेजला शिकवते. झूप्लँक्टन म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, हातपाय मारतात पण प्रवाहाच्या विरुद्ध जाण्याइतका जोर नसतो, भरती नेईल तिकडे जातात.

मी मुलांना एक सोपी गोष्ट करायला सांगते, कोणालाही जमेल. भरतीच्या वेळी जेट्टीवरून पाच-सहा बादल्या पाणी काढायचं, पांढऱ्या मलमलच्या फडक्यातून गाळायचं, फडकं उलटं करून वाटीभर खाडीच्याच पाण्यात हलकेच खळबळायचं आणि ते पाणी बशीत ओतून उन्हात भिंग घेऊन बसायचं. पहिलं मिनिटभर नुसता गाळ दिसतो. मग गाळ खाली बसतो आणि खसखशीएवढे ठिपके टुणकन उडी मारतात, थांबतात, परत उडी मारतात. ते कोपेपॉड. खाडीतल्या झूप्लँक्टनमध्ये बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त हेच असतात, पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ आणि कांदळवनातून कुजून आलेला चुरा खातात आणि लहान माशांच्या पोटात जातात. नशीब चांगलं असेल तर त्यात एक डोळेमोठा जीव दिसतो, डोक्यावर उभा काटा, पाठीमागे वळलेली शेपटी, भिंगाखाली अगदी परग्रहावरचा वाटतो. ती खेकड्याची अळी, झोइया. मुलांना मी सांगते की ही तुमच्या रश्श्यातली चिंबोरी आहे, तर आधी कोणाचा विश्वासच बसत नाही.

चिंबोरीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही म्हणून थोडं थांबते. कांदळवनातली मोठी चिंबोरी अंडी सोडायला खाडी सोडून बाहेर समुद्रात जाते, कारण तिच्या अळ्यांना खारं पाणी लागतं, गोड्या पाण्यात त्या मरतात. एक मादी लाखोंनी अंडी वाहते. अळी झोइयाच्या पाच पायऱ्या चढते, मग मेगालोपा होते, म्हणजे खेकड्यासारखी दिसायला लागलेली शेवटची अळी, आणि हे सगळं होईपर्यंत दोन-तीन आठवडे ती प्लवकच असते, पाणी नेईल तिकडे. तिथून पुढे भरतीवर बसून किनाऱ्याकडे, खाडीकडे परत यायचं. पांढऱ्या कोळंबीचंही तसंच, आई समुद्रात अंडी देते आणि बोटाच्या पेरापेक्षाही लहान पिलं भरतीबरोबर खाडीत शिरून खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी येणाऱ्या खाऱ्या दलदलीत, वाढतात. खाडीच्या तोंडाशी एखाद्या प्रकल्पाने थंडाव्यासाठी पाणी ओढायला पंप बसवला की मोठे मासे जाळीला अडकतात आणि वाचतात किंवा मरतात, ते दिसतं तरी. या अळ्या जाळीतून आरपार आत जातात, पंप, गरम पाणी, आणि पाइपात शिंपले धरू नयेत म्हणून घातलेलं क्लोरीन, या सगळ्यातून. त्या मेल्याची बातमी होत नाही. चार-सहा महिन्यांनी बाजारात चिंबोऱ्या कमी येतात तेव्हा आम्ही म्हणतो यंदा काय पिकलं नाही.

आता मुद्द्यावर येते. दोनेक वर्षांमागे आमच्याकडे एका प्रकल्पाची जनसुनावणी होती. पर्यावरण अहवाल पंचायतीत ठेवला होता, जाडजूड, इंग्रजी, सोबत मराठी सारांश. मी दोन संध्याकाळी बसून तो वाचला. सारांशात प्लवकांचा शब्दसुद्धा नव्हता. मूळ अहवालात दीड पान होतं. जानेवारीतली एक तारीख, सकाळची वेळ, खाडीतली दोन ठिकाणं, आणि खाली निष्कर्ष की झूप्लँक्टनचं वजनमान, म्हणजे पाण्यात एकूण किती जीव भरलेत त्याचं माप, चांगलं आहे, परिणाम नगण्य. माझी आत्या शेजारी बसली होती, तिने सगळी हयात डोलीचा जवळा निवडण्यात घालवली, मी तिला त्या टेबलातली नावं वाचून दाखवली तर तिने एकच विचारलं, "ह्यान आपला जवला कुठं हाय?"

खरंच नव्हता. आणि त्याचं उत्तर अहवाल लिहिणाऱ्याने दिलं नाही तरी मला माहितीय. जवळा दिवसा खाली, तळाच्या जवळ असतो, अंधार पडला की वर येतो, शिवाय तो चपळ, लहान तोंडाचं जाळं हळू ओढलं की बाजूला होतो. म्हणजे सकाळी दहा वाजता वरच्या पाण्यात जाळं फिरवलं तर जवळा मिळणारच नाही. नुसता जवळाच नाही, बरेचसे झूप्लँक्टन हेच करतात, दिवसा खाली रात्री वर, वरच्या पाण्यात रात्रीचा आणि दिवसाचा नमुना शेजारी ठेवला तर दोन वेगळ्या खाड्या वाटाव्यात. आणि जवळा नाही म्हणजे काय नाही हे कोळणीला विचारा. बोंबलाचं मुख्य खाणं जवळा. मांदेली त्याच्यावर, आणखी कितीतरी मासे त्याच्यावर. सुकवलेला जवळा पावसाळ्यात आमच्या घरातली भाजी, आणि विकून येतात ते पैसे मुलांच्या वह्यांना. तो ज्या टेबलात नाही त्या टेबलावरून आमच्या खाडीवर परिणाम नगण्य ठरतो, हे मला पटत नाही आणि तेव्हा माइकवर पण मी हेच बोलले, नोंद झाली की नाही माहीत नाही.

दुसरी गोष्ट महिन्याची. बहुतेक प्रकल्पांना पावसाळा सोडून एका सीझनची माहिती दिली तरी चालते. पावसाळा सोडून! आमच्या खाडीचं सगळं उलथापालथ होतं ते पावसाळ्यात. मे महिन्यात धरमतरचं पाणी समुद्राइतकंच खारट असतं, आणि जुलैत अंबा नदी लोंढ्याने उतरली की वरच्या अंगाला पाणी गोडसर होतं. समुद्राचे कोपेपॉड बाहेर ढकलले जातात, वरून गोड्या पाण्यातले येतात, मधे कमी खारटपणा सोसणारे काही मोजकेच टिकतात, आणि पाऊस ओसरला की परत समुद्रातले आत सरकतात. गोव्यात मांडवी आणि झुआरीवर एनआयओच्या, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, लोकांनी १९७० च्या दशकापासून हेच बघितलंय, पावसाळ्याचे महिने धरून. पावसाळा वगळून खाडीचा अभ्यास म्हणजे गावाचा अभ्यास करताना शेतीचा हंगाम वगळल्यासारखं आहे.

तिसरी गोष्ट जरा टेक्निकल आहे पण मला सगळ्यात जास्त ती खुपते. अहवालात जे वजनमान असतं ते बऱ्याचदा नमुन्याने किती पाणी वर सारलं त्यावरून काढतात, म्हणजे १०० घनमीटर पाण्यामागे इतके मिली. आता त्या जाळ्यात दोन-चार जेलीफिश आले, किंवा टिनोफोर, ते जेलीफिशसारखेच मऊ पण वेगळे प्राणी, काचेच्या गोटीसारखे असतात आणि आमच्या भागात हिवाळ्या-उन्हाळ्यात येतात, तर आकडा एकदम फुगतो. जेली म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. ते स्वतः कोपेपॉड आणि माशांची अंडी-पिल्लं खातात. म्हणजे ज्या दिवशी खाडीत माशांच्या पिल्लांचा फडशा पडतोय त्याच दिवशी कागदावर खाडी भरभरून वाहतेय असं दिसू शकतं. कॉलेजात आम्ही नमुना फॉर्मेलीनमध्ये ठेवून, त्याचे सारखे भाग करून, बोगोरोव ट्रेमध्ये, म्हणजे खाचा पाडलेल्या मोजणीच्या तबकात, एकेक जीव मोजायचो, मान मोडून जायची, एका नमुन्याला अख्खा दिवस. पण कोण किती आहे हे त्याशिवाय कळत नाही. सांडपाण्याच्या खाडीतसुद्धा संख्या कधी कधी मोठीच असते, फक्त दहा-वीस जातींच्या जागी दोन-तीन घाण सोसणाऱ्या जाती उरलेल्या असतात.

हे सगळं पुस्तकी वाटेल तर काळ्या समुद्राचं बघा. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक टिनोफोर, निमिऑप्सिस, जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून, म्हणजे तोल राखायला जहाजात भरून घेतात त्या पाण्यातून, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पोचला. दशक संपेपर्यंत तो इतका वाढला की झूप्लँक्टनचा फन्ना उडाला आणि अँकोव्ही या लहान माशाची मासेमारी कोसळली. तिथे जादा मासेमारी आणि नद्यांमधून आलेली खतं ही पण कारणं होती, एकट्या टिनोफोरवर सगळं ढकलता येत नाही, पण आधीच आजारी पाण्यात पाहुणा घुसला तर काय होतं ते दिसलं. पुढे १९९७ मध्ये त्यालाच खाणारा दुसरा टिनोफोर, बेरोए, तिथे आला तेव्हा जरा सावरलं. आमच्या खाडीच्या तोंडावरून रोज किती जहाजं जातात हे रेवसच्या जेट्टीवर उभं राहून कोणीही मोजावं.

आणि मोजत राहिलं तर काय हाती लागतं त्याचंही उदाहरण आहे. १९३१ पासून नॉर्थ सी आणि अटलांटिकमध्ये साधी व्यापारी जहाजं आणि फेरीबोटी आपल्यामागे एक पेटी ओढत नेतात, तिच्यात रेशमी कापडाच्या पट्टीवर प्लँक्टन अडकतं, नाव कंटिन्युअस प्लँक्टन रेकॉर्डर. इतकी वर्षं सलग मोजल्यामुळेच कळलं की पाणी तापलं तसा तिथला थंड पाण्याचा कोपेपॉड उत्तरेकडे हटला, त्याच्या जागी उबदार पाण्याचा भाऊबंद आला, पण तो वसंताऐवजी उशिरा वाढतो, म्हणून कॉड माशाच्या पिल्लांना नेमक्या भुकेच्या महिन्यांत खाणं कमी पडलं. एका सकाळच्या नमुन्यातून हे कधी कळलं असतं का?

आपल्याकडे हे काम नवीन नाही. १९६० ते ६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत जमवलेले झूप्लँक्टनचे नमुने निवडायचं केंद्र कोचीला होतं, त्यातूनच पुढे १९६६ मध्ये एनआयओ उभी राहिली, मुंबईत तिची शाखा आहे, वर्सोव्याला मत्स्यशिक्षण संस्था आहे. माणसं आहेत, ज्ञान आहे. भाऊच्या धक्क्याहून रेवसला लाँच जाते, २०२० पासून मांडव्याला रो-रो जाते, वर्षभर त्याच वाटेने. नॉर्थ सीसारखं यंत्र नको, लाँच धक्क्याला लागल्यावर दोन विद्यार्थी उतरून जाळं टाकतील इतकं तरी करता येईल की नाही? रायगडच्या कॉलेजांमध्ये झूलॉजीची मुलं प्रोजेक्टला विषय शोधत फिरत असतात, मी दरवर्षी बघते.

माझं म्हणणं एवढंच आहे. खाडीवर प्रकल्प येऊ नयेत असं मी म्हणत नाही, आमच्या पोरांनाही नोकऱ्या पाहिजेत. पण परवानगीआधी खाडी मोजायची तर वर्षभर मोजा, जुलै-ऑगस्ट धरून. दिवसा आणि रात्री. उधाणाच्या भरतीला आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, कारण भांगाला पाणी फारसं हलत नाही आणि अळ्या वेगळ्याच ठिकाणी साचतात. जेली वेगळी काढून मोजा. खेकडा, कोळंबी, मासे यांच्या अळ्या-अंड्यांचा आकडा वेगळा द्या, जवळ्याचा वेगळा, आणि जवळ्यासाठी डोलीवर या, आमचीच माणसं मोजून देतील. आणि हे सगळं मराठी सारांशात, फोटोसकट लिहा, म्हणजे आत्याला परत विचारायला लागणार नाही.

आपल्या पेपरला एक विनंती. आपण रोज भरती-ओहोटीच्या वेळा छापता, आमच्या घरात तो कोपरा सगळ्यात आधी वाचला जातो. त्याच्याजवळ महिन्यातून एकदा चार ओळी छापायला जागा द्या, या महिन्यात कुठल्या जेट्टीवर जाळ्यात काय आलं. आकडे आम्ही पाठवू. ज्येष्ठातल्या अमावास्येला आम्ही कॉलेजची सहा मुलं आणि शेजारच्या काकांची होडी घेऊन जेट्टीवर नमुने घ्यायला उतरतोय, अमावास्येला आमच्याकडे भरती मध्यरात्रीच्या सुमाराला पुरी होते, तेव्हा वार्ताहर पाठवायचा असेल तर अकरापर्यंत पोचायला सांगा आणि सोबत टॉर्च आणायला सांगा.

आपली,
एक वाचक, धरमतर खाडीकाठ, जि. रायगड