गायत्रीचा नकार आवडला

संपादक महोदय,

परवा टीव्हीवर २००८ चा 'बचना ऐ हसीनो' परत लागला होता. रणबीरचा राज आधी माहीला फसवतो मग राधिकाला तर ऐन लग्नाच्या दिवशी सोडून सिडनीला पळतो, आणि तिथे टॅक्सी चालवत शिकणारी गायत्री त्याला सरळ नाही म्हणते तेव्हा कुठे साहेबांची झोप उडते! बरं वाटलं बघून. मग तो जुन्या दोघींची माफी मागायला जातो, तेव्हा बिपाशाची राधिका तर त्याला लगेच माफ न करता आधी नोकरासारखा राबवून घेते, तो भाग मला सगळ्यात आवडला (आमच्या सौ. तर टाळ्या वाजवत होत्या). फक्त शेवटी गायत्री हो म्हणाली ते नाही पटलं, अजून थोडं तंगवायला हवं होतं त्याला.

– एक वाचक, ठाणे