ग्लोव्हज घाल गं

चि. मनू,

रविवारी कॉलवर तुझ्या लॅबमधल्या ग्लोव्हजवरून जरा जास्तच बोललो आणि तू फोन ठेवलास. नंतर आई दोन तास माझ्याशी बोलली नाही. चूक माझीच. पण तुझी बोटं बघितली आणि राहवलं नाही, कशी भेगाळलीयेत! तिकडे फिनलंडला, तुर्कूत आत्ता दिवस सहा तासांचाही नाही, थंडीनं होत असेल, कळतं मला.

पण तू म्हणालीस ना, बाबा ग्लोव्हज माझ्यासाठी नसतात, आरएनएसाठी असतात, म्हणजे डीएनएचा निरोप नेणाऱ्या त्या रेणूसाठी, ते डोक्यातून जात नाहीये. हातावरच्या एन्झाइमनं आरएनए तुटतो आणि मग तो प्रयोगातल्या तांबे धातूनं तोडला की बोटानं ते कळत नाही, हे पटलं. पण मग बोटांचं कोण बघणार?

तू सांगितलेलं मी वहीत लिहून ठेवलंय. आरएनएच्या साखळीतल्या साखरेवरचा ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, शेजारच्या फॉस्फेटवर चाल करून जातो, तांबं त्याला जोर देतं आणि बंध तुटतो. डीएनएत तो ओएचच नाही, म्हणून तो आपणहून तुटायला कोट्यवधी वर्षं. आणि तांबं मोकळं सोडायचं नाही, लिगँडच्या, म्हणजे धातूला धरून ठेवणाऱ्या रेणूच्या, पिंजऱ्यात धरायचं, पण एक बाजू उघडी ठेवायची. हे ऐकून मला हसू आलं. तांबट आळीत आपण जन्मभर उलटंच केलं, चिंचेच्या आमटीत तांबं उतरू नये म्हणून कल्हई लावून उघडी बाजू झाकायची.

अण्णांचे हात आठवतात तुला? कल्हईच्या नवसागरानं कातडी गेलेली, शेवटी भाकरीसुद्धा मोडता यायची नाही. आम्ही कोणी एक शब्द बोललो नाही तेव्हा, हातमोजे म्हणजे बायकी असं वाटायचं. धूरही छातीत गेलाच. ते परत नको. झालं, पुन्हा लेक्चर सुरू झालं माझं, सॉरी.

आळीत सगळ्यांना सांगतो, आमची मनू तांब्याला कात्री करायला शिकवते, रोगाचा आरएनए नेमका गाठून तोडायचा म्हणे. पुढचं काही विचारलं की वही काढतो. तू म्हणतेस अजून नुसत्या आरएनएसारख्या छोट्या मॉडेल रेणूवरच चाललंय, तो तुटला की पिवळा रंग येतो, तो किती लवकर येतो ते मोजायचं. असू दे.

पिवळं द्रावण हातावर सांडलं तर? ग्लोव्हज घालतेस ना पण?

खोबरेल तेल पाठवतोय, रात्री चोळ. रागावली असशील तर आईला फोन कर, मी शेजारी बसून ऐकेन.

बाबा