वेलार्ड हे कुणा साहेबाचं आडनाव नाही

संपादक महोदय,

कोस्टल रोड झाल्यापासून हाजी अली-वरळी भागाच्या इतिहासाबद्दल बरंच काही लिहून येतंय, आणि त्यात तिथल्या रस्त्याचं हॉर्नबी वेलार्ड हे जुनं नाव आलं की हॉर्नबी आणि वेलार्ड असे दोन इंग्रज ऑफिसर होते असं लोक धरून चालतात, माझ्या ओळखीतल्या चांगल्या वाचणाऱ्यांचाही तोच समज आहे, म्हणून हे पत्र.

हॉर्नबी हा माणूस खराच. विल्यम हॉर्नबी, 1771 ते 1784 मुंबईचा गव्हर्नर. पण वेलार्ड म्हणजे बांध! पोर्तुगीजमध्ये 'वालादो' म्हणजे चर खणून त्याच मातीचा बाजूला घातलेला उंच बांध, आणि त्याच्याही मागे लॅटिनमधला 'वाल्लुम', रोमन सैनिक छावणीभोवती माती रचून वर खुंट रोवून जो तट करायचे तो. इंग्रजीतला 'वॉल' पण तिथूनच आला. पोर्तुगीजांनी 1665 मध्ये मुंबई इंग्रजांच्या ताब्यात दिली, ते गेले, पण त्यांचा शब्द इथल्या बोलण्यात राहिला आणि शंभरेक वर्षांनी इंग्रजांनी बांध घातला तेव्हा तोच मोडूनतोडून त्याला चिकटला. हॉब्सन-जॉब्सन या 1886 च्या कोशात हीच व्युत्पत्ती दिलीय, शिवाय हा शब्द बहुतेक फक्त मुंबईतच चालतो असंही म्हटलंय. म्हणजे हा आपल्या शहराचा खास शब्द, आणि आपल्यालाच त्याचा अर्थ माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडीतून भरतीचं पाणी आत घुसायचं, भायखळा ताडदेवची सखल जमीन खारी व्हायची, ती खिंड 1784 च्या सुमारास या बांधाने बुजवली आणि मगच तिथं वस्ती वाढू शकली. बांध सारखा ढासळत होता, मग त्या कामावरच्या रामजी शिवजी प्रभूंना देवीने दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती वर काढल्या आणि काम टिकलं, ही महालक्ष्मी मंदिराची आख्यायिका बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, पण दृष्टांतातला तो बांध म्हणजेच वेलार्ड हे सहसा कुणी जोडून सांगत नाही.

पुण्याच्या बंड गार्डनचंही तसंच आहे, तिथला 'बंड' म्हणजे मुळा-मुठेवरचा बांध, उठावाशी त्याचा काही संबंध नाही. फारसी 'बंद' हिंदुस्तानीतून इंग्रजीत गेला आणि इंग्रजांनी तो पार शांघायच्या नदीकाठापर्यंत नेला. आपला 'बांध' संस्कृत 'बन्ध'वरून आलेला, म्हणजे दोघं भाऊभाऊच.

वेलार्डच्या रस्त्याला आता लाला लजपतराय मार्ग म्हणतात, ते योग्यच आहे, ते बदला असं माझं अजिबात म्हणणं नाही. फक्त हाजी अलीच्या बाजूला एक मराठी फलक लावा, त्यावर वेलार्डचा अर्थ, खिंड कुठून कुठपर्यंत होती याचा छोटा नकाशा आणि हॉर्नबीबरोबर रामजी शिवजींचंही नाव असू द्या. शाळांच्या सहली तिथून जातातच, मुलं थांबून वाचतील.

- एक वाचक, दादर